खडकीला पहिली तोफ डागणारा आणि आष्टीला शेवटचा उभा राहिलेला सेनापती : बापू गोखले

पुण्यात खडकीला एक लष्करी दफनभूमी आहे. नाव खडकी वॉर सिमेट्री. आत गेलात तर एकसारख्या दगडांच्या सरळ ओळी दिसतात, कापलेलं गवत दिसतं आणि प्रत्येक दगडावर नाव, पलटण, तारीख वाचता येते. अशा १,६६८ कबरी तिथे आहेत.

खडकी म्हटलं की आपल्याला १८१७ ची लढाई आठवते. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की या कबरी त्याच लढाईतल्या इंग्रज सैनिकांच्या असणार. तसं नाही. ही दफनभूमी दुसऱ्या महायुद्धातली. पश्चिम आणि मध्य भारतात इकडेतिकडे विखुरलेल्या, पुढे कुणी सांभाळेल याची खात्री नसलेल्या कबरी एका जागी आणून नीट ठेवता याव्यात म्हणून ती तयार झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात सेवेत असताना मेलेल्या १,८०० हून जास्त सैनिकांची नावंही तिथल्या स्मारकावर आहेत, कारण त्यांच्या मूळ कबरींची देखभाल आता शक्य नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन नावाची संस्था हे सगळं बघते.

मग १८१७-१८ च्या युद्धात मराठ्यांच्या बाजूने जे पडले, ते कुठे आहेत?

त्यातल्या एकाचा पत्ता सांगता येतो. त्यासाठी पुणे सोडून सोलापूर जिल्ह्यात यावं लागतं. मोहोळ तालुक्यात, पंढरपूरच्या उत्तरेला आष्टी नावाचं गाव आहे. जुन्या कागदांत आणि पुस्तकांत त्याला गोपाळ अष्टी म्हणतात. २० फेब्रुवारी १८१८ ला इथे पेशव्यांचा सेनापती पडला, आणि त्याची समाधी इथेच दाखवतात. त्याचं नाव नरहर गणेश गोखले. सगळा महाराष्ट्र त्याला बापू गोखले म्हणून ओळखतो.

(गोपाळ कृष्ण गोखले वेगळे. ते पुढच्या शतकातले, नेमस्त पुढारी. इंटरनेटवर या दोघांची सरमिसळ इतक्या वेळा होते की सांगून टाकलेलं बरं.)

बापूंचा जन्म कोकणातल्या तळेखाजणचा. जन्मसाल साधारण १७७७ मानलं जातं. म्हणजे ज्याच्यासाठी पुढे जीव दिला त्या दुसऱ्या बाजीरावापेक्षा ते फार तर दोन वर्षांनी लहान. कोकणातल्या अनेक ब्राह्मण घरांसारखं गोखल्यांचं घरही पेशव्यांच्या चाकरीत घाटावर आलं. बापूंचे चुलते धोंडोपंत गोखले हे कर्नाटकाच्या बाजूला पेशव्यांचे सरदार होते आणि बापू त्यांच्याच हाताखाली घोड्यावर बसायला आणि फौज हाकायला शिकले.

आता गोष्टीत एक अवलिया माणूस येतो. धोंड्या वाघ. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला आणि त्या गोंधळात टिपूच्या तुरुंगातून हा धोंड्या बाहेर पडला. बघता बघता त्याने हजारोंची फौज जमवली आणि स्वतःला दोन्ही जगांचा राजा म्हणवून घेऊ लागला. त्याच्यावर गेलेले धोंडोपंत ३० जून १८०० ला लढाईत मारले गेले. धोंड्याने शपथ घेतली होती आणि त्याप्रमाणे धोंडोपंतांच्या रक्ताने मिशा रंगवल्या, असं सांगतात.

चुलत्याची सरदारी बापूंकडे आली, ती या रक्तासकट.

धोंड्याचा पाठलाग करणारा दुसरा एक माणूस त्याच मुलखात होता. इंग्रजांचा कर्नल आर्थर वेलस्ली. बापू आपली फौज घेऊन या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीने उतरले. १० सप्टेंबर १८०० ला कोनगलजवळ वेलस्लीने धोंड्याला गाठलं आणि तिथे धोंड्या मारला गेला. त्याचा लहान मुलगा सामानात सापडला, त्याच्या सांभाळाची सोय वेलस्लीने स्वतः केली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं.

म्हणजे बापू गोखल्यांनी इंग्रजांची लढण्याची पद्धत शत्रू म्हणून नाही, तर सोबती म्हणून आधी बघितली. १८०२ च्या शेवटी बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. १८०३ मध्ये वेलस्ली शिंदे-भोसल्यांवर चालून गेला, तेव्हाही पेशव्यांच्या बाजूने त्याच्याबरोबर जाणाऱ्या सरदारांत बापू होतेच. मराठा सरदार इंग्रजांबरोबर मराठा सरदारांवर चाललेत, हे आज वाचताना खटकतं. पण त्या वेळी निष्ठा होती ती धन्याशी, आणि धनी सांगेल ती लढाई आपली.

याच हिशोबाने त्यांच्या हातून अशीही कामं झाली ज्यांची पोवाड्यात वाहवा होत नाही. कऱ्हाडच्या बाजूला परशुरामपंत प्रतिनिधींचं आणि पेशव्यांचं बिनसलं. प्रतिनिधींना मसूरला कैदेत ठेवलं होतं. त्यांना तिथून सोडवून नेलं एका बाईने, ताई तेलीण तिचं नाव. बाजीरावाने हे बंड मोडायला बापूंना पाठवलं. लढाईत प्रतिनिधी जबर जखमी झाले, त्यांचा एक हात गेला आणि ते कैद झाले. बंड संपलं असं सगळ्यांना वाटलं. पण ताई तेलीण कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावर चढून बसली आणि तिने बापूंना काही महिने झुंजवलं. गडावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा कुठे किल्ला हाती आला. बापू जिंकले, प्रतिनिधींच्या मुलखाचा कारभार त्यांच्याकडे आला, पैसाही आला. पण लोकांच्या तोंडी राहिली ती ताई तेलीण. वासोटा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

पुण्यातलं राजकारण थोडक्यात सांगतो, नाहीतर त्यातच लेख संपेल. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्याचा ठपका बाजीरावाच्या लाडक्या त्रिंबकजी डेंगळ्यावर ठेवला आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. १८१६ मध्ये त्रिंबकजी तिथून पळाला. जून १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने बाजीरावाच्या गळ्यात एक अपमानकारक तह मारला. बाजीराव वरून गोड बोलत राहिला आणि आतून फौज जमवू लागला. ही फौज कुणाच्या हाती द्यायची, याला त्या वेळी एकच उत्तर होतं.

इथे बापूंबद्दलची एक गोष्ट त्यांच्या शत्रूंनीच लिहून ठेवली आहे. एल्फिन्स्टनला भेटीच्या निमित्ताने बोलावून दग्याने मारावं, असा बेत दरबारात शिजत होता. बापूंनी त्याला नकार दिला. लढायचं तर उघड मैदानात, हे त्यांचं म्हणणं. ही नोंद करणारा ग्रँट डफ हा एल्फिन्स्टनच्याच हाताखालचा अधिकारी. युद्धानंतर साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिला आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापून गेला. खडकी आणि आष्टीबद्दल आपण जे वाचतो, त्यातलं बरंच काही फिरून फिरून याच माणसाच्या लिखाणातून आलेलं आहे. जिंकलेल्यांनी लिहिलेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचायचं.

५ नोव्हेंबर १८१७. एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या छावणीकडे निघून गेला होता. त्याच्या पाठोपाठ रेसिडेन्सी पेटवली गेली आणि त्यात त्याची पुस्तकं आणि कागद जळाले. इंग्रजांकडे सुमारे २,८०० माणसं. समोर त्याच्या कितीतरी पट मराठी फौज, तिच्यात घोडदळ मोठं. आणि श्रीमंत बाजीराव पर्वतीवर. तिथून लढाई छान दिसते.

पण ऐन वेळी बाजीरावाचं मन डळमळलं. आपल्या बाजूने पहिली तोफ उडता कामा नये, असा निरोप त्याने बापूंकडे धाडला. बापूंनी जासूद येताना लांबूनच पाहिला, काय निरोप असणार ते ओळखलं, आणि तो पोहोचायच्या आत तोफा सुरू केल्या. मला विचाराल तर बापूंच्या आयुष्यातला हा सगळ्यात बोलका क्षण आहे. ज्या धन्याचा शब्द आयुष्यभर मोडला नाही, त्याचा शब्द कानावर पडूच द्यायचा नाही, एवढीच त्यांनी वाट काढली.

लढाईत पेशव्यांची एक कवायती पलटण डी पिंटो नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या हाताखाली फार पुढे गेली. तिच्यावर तुटून पडताना इंग्रजांची फळी थोडी विस्कटली. बापूंनी ते हेरलं आणि हजारो घोडेस्वार एकदम सोडले. हा हल्ला बसला असता तर निकाल वेगळा लागला असता, असं खूप जण म्हणतात. बसला नाही, कारण मधे दलदल होती आणि ती कुणाला आधी दिसलीच नाही. पुढचे घोडे चिखलात रुतले, मागचे त्यांच्यावर आदळले आणि समोरून बंदुकांचा मारा झाला. जरीपटक्याची जबाबदारी असलेले मोरोपंत दीक्षित त्याच दिवशी पडले. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून शंभराच्या आत, मराठ्यांचे सुमारे पाचशे.

नंतर जनरल लायोनेल स्मिथ फौज घेऊन पुण्यावर आला. १७ नोव्हेंबरला पुणं इंग्रजांच्या हाती गेलं आणि शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण चढलं. बाजीराव तोवर बाहेर पडला होता. तिथून सुरू झाली ती पळापळ. माहुली, पंढरपूर, जुन्नरकडचा डोंगर, पुन्हा खाली. मागे इंग्रज, पुढे पेशवे आणि दोघांच्या मधे पिछाडी सांभाळत बापू.

१ जानेवारी १८१८ ला याच वाटेवर भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालच्या आठशेच्या आसपास सैनिकांनी दिवसभर गाव सोडलं नाही. त्यांच्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. हल्ला चालवणाऱ्यांत बापू होते. संध्याकाळनंतर पेशव्यांची फौज तिथून निघून गेली. तिथे इंग्रजांनी १८२१ मध्ये स्तंभाचा पाया घातला आणि त्यावर पडलेल्या सैनिकांची नावं कोरली. ज्या समाजाचं नाव कुणी दगडावर लिहीत नव्हतं, त्या समाजातल्या साध्या शिपायांची नावं तिथे आली. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब आंबेडकर तिथे का गेले आणि आजही लाखो लोक का जातात, ते या नावांमुळे कळतं. लढाईत मेलेल्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं असणं, ही गोष्ट मोठी आहे.

बाजीराव दक्षिणेला कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत गेला, पुन्हा वर फिरला. १० फेब्रुवारीला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. लगेच एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला की पेशव्यांचं राज्य संपलं आणि छत्रपतींना वेगळा मुलूख दिला जाईल. आता इंग्रजांना बाजीरावाबरोबर एक दुसरा माणूसही हवा होता, तो म्हणजे छत्रपती प्रतापसिंह. त्यांना बाजीरावाने वासोट्याला नेऊन ठेवलं होतं. हो, ताई तेलिणीकडून बापूंनी घेतला तोच वासोटा. तिथून त्यांना, त्यांच्या आईला आणि भावांना आपल्या लष्कराबरोबर घेऊन बाजीराव फिरत होता. छत्रपती आपल्याकडे असेपर्यंत राज्य आपलं, असा त्यामागचा हिशोब.

फेब्रुवारीच्या मध्याला बाजीराव सोलापुरात होता. तिथून तो पंढरपूरच्या रोखाने निघाला. स्मिथने जड सामान बाजूला ठेवून घोडदळ आणि हलक्या तोफा तेवढ्या बरोबर घेतल्या आणि रात्रीचा प्रवास करून २० तारखेला सकाळी आष्टी गाठलं.

पेशव्यांचा तळ हलायच्या तयारीत होता. इंग्रज इतक्या जवळ आलेत याची कल्पना नव्हती. बाजीरावाने बापूंनाच बोल लावला की तुमच्यामुळे मी असा गाफील सापडलो. बापूंनी एवढंच सांगितलं की श्रीमंतांनी निघावं, पिछाडी मी बघतो. बाजीराव पालखी टाकून घोड्यावर बसला आणि निघाला. इतक्या घाईने, की ज्या छत्रपतींना महिनोन् महिने बरोबर फिरवलं होतं ते मागेच राहिले.

बापूंनी निघूनच जायला हवं होतं का? त्यांच्याजवळ त्या वेळी फौजेचा एक भागच होता. पण ते वळले. मधला ओढा ओलांडून त्यांनी आपले स्वार इंग्रजांच्या बगलेवर घातले. समोर मद्रासच्या देशी घोडदळाची सातवी रेजिमेंट होती, तिच्या रांगा विस्कटल्या. या झटापटीत जनरल स्मिथच्या डोक्याला घाव बसला. तेवढ्यात गोऱ्यांची बाविसावी ड्रॅगून रेजिमेंट वळून आली आणि हातघाई झाली. पिस्तुलाच्या गोळ्या आणि तलवारीचे वार अंगावर घेत बापू तिथेच पडले. पडताना त्यांनी शाल अंगावर ओढून घेतली, असं सांगतात.

सेनापती पडल्यावर लढाई उरली नाही. पेशव्यांच्या बाजूची सुमारे दोनशे माणसं मेली. इंग्रजांच्या जखमींची संख्याही थोडकीच होती. हत्ती, उंट, सामान त्यांच्या हाती लागलं आणि छत्रपती प्रतापसिंहही. एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं.

यानंतरची खरी लढाई सोलापुरातच झाली. बापूंनंतर पेशव्यांचं पायदळ आणि तोफखाना गणपतराव पानशांच्या हाताखाली सोलापूरच्या किल्ल्याजवळ होता. १० मे १८१८ ला मन्रोने त्यांच्यावर हल्ला केला. पानसे जखमी झाले. खडकीला पुढे गेलेला तो पोर्तुगीज डी पिंटो इथे मारला गेला, आणि काही दिवसांत किल्ला पडला. आज ज्या भुईकोटाच्या बागेत सोलापूरकर फिरायला जातात, तोच हा किल्ला.

बाजीराव ३ जूनला अशीरगडाजवळ माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन ठरली आणि तो कानपूरजवळ बिठूरला गेला. तिथे २८ जानेवारी १८५१ ला वारला. आष्टीनंतर जवळजवळ तेहेतीस वर्षांनी.

आता सुरुवातीचा प्रश्न. आष्टीच्या त्या दोनशे जणांसाठी खडकीसारखी दफनभूमी का नाही? एक कारण सरळ आहे. आपल्याकडे बहुतेकांचं दहन होतं, त्यामुळे ओळीने कबरी असण्याचा प्रश्नच नव्हता. पण म्हणून आठवण ठेवायची पद्धत नव्हती असं नाही. महाराष्ट्रात गावोगाव, मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळाबाहेर वीरगळ दिसतात. उभा दगड, त्यावर खालून वर कप्पे. खाली लढणारा आणि पडलेला वीर, मधे त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं, पण गावाला ठाऊक असायचं तो कुणाचा. मोठ्या माणसाची समाधी किंवा छत्री व्हायची.

हे सगळं करायला मात्र मागे कुणीतरी लागतं. गाव, घर, नाहीतर सरकार. कोरेगावचा स्तंभ जिंकलेल्या कंपनीने उभारला, तिच्याकडे नावांच्या याद्या होत्या आणि पैसा होता. आष्टीला पडलेल्यांचं सरकार साडेतीन महिन्यांत संपलं. त्यांचे लोक कुठल्या कुठल्या गावांतून आलेले, लष्कराबरोबर महिनोन् महिने भटकलेले. सेनापतीचं नाव राहिलं कारण ते शत्रूलाही माहीत होतं. उरलेल्यांची नावं त्यांच्या घरी गेली असतील तेवढीच.

रणांगणाच्या आसपासचं रूपही बदललं. १८७६-७७ च्या दुष्काळात इंग्रजांनी आष्टीजवळ मोठ्या तलावाचं काम काढलं. ज्या शिवारात घोडी उधळली होती त्याच्या आसपास मग पाणी आणि पाटाची शेती आली. पंढरपूरला जाणारी माणसं या बाजूने वर्षानुवर्षं जातात, पण समाधीकडे वळणारी त्यातली थोडी.

तुम्ही जाणार असाल तर मोबाईलवर नुसतं आष्टी टाकू नका. बीडच्या आष्टीला पोहोचाल, नाहीतर वर्ध्याच्या. मोहोळ तालुका, जिल्हा सोलापूर, असं पूर्ण टाका.